जागी झालेली काडी

युरोपचा विषय या घरात पाहुण्यासारखा आला होता. पण आता तो इतका रुळला होता की जेवणाच्या टेबलावरची त्याची जागा कोणी दुसऱ्या विषयाला देत नसे. त्या रविवारी दुपारीही ताटं उचलली गेली आणि पुसलेलं टेबल वाळण्याच्या आत धाकट्याने त्यावर नकाशा पसरला. धाकटा दंतवैद्य होता, शहरात राही, आणि समोरचा बोलू लागला की त्याच्या डोळ्यांकडे न पाहता तोंडाकडे पाहण्याची खोड त्याला धंद्याने लावली होती. वादात या खोडीचा त्याला फार उपयोग होई. समोरचा माणूस आपोआप ओठ मिटून घेई.

थोरल्या भावाने आज ओठ मिटले होते ते मात्र वेगळ्या कारणाने. त्याने खुर्ची ओढून खिडकीशी घेतली होती आणि खिडकीकडे पाठ करून तो असा ऐसपैस बसला होता, की बाहेरचं काही कोणाच्या सहज नजरेत येऊ नये. बाहेर रोपवाटिकेच्या टोकाला काचघर होतं. हिवाळा सरतानाच्या या दिवसांत ते दरवर्षी थंडगार आणि पाण्याच्या पेल्यासारखं आरपार दिसे. आज त्याच्या काचा आतून वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. ती ऊब थोरल्याने केली होती, आणि त्या उबेत जे पडून होतं ते उघडकीला आलं, तर आपली या टेबलावरची जागा राहणार नाही, असं त्याला सकाळपासून वाटत होतं.

हे भय समजायचं तर या घराचं काम समजलं पाहिजे. वडिलांनी तरुणपणी एक नासपती निपजवली होती. उशिरा पिकणारी, टिकाऊ, पातळ सालीची. तिचं बी लावून ती उगवत नाही, ती फक्त कलमाने येते. म्हणून हिवाळ्यात मूळ झाडावरच्या वर्षभराच्या कोवळ्या काड्या उतरवायच्या, जुड्या बांधून शीतखोलीत निजवून ठेवायच्या, आणि वसंतात रानटी खुंटांत रस चढला की एकेका खुंटावर एकेक काडी बसवून पट्टीने आवळायची आणि सांधा मेणाने बंद करायचा. खुंट जागा हवा आणि काडी झोपलेली हवी, एवढाच वडिलांचा दंडक होता. काडी आधी जागी झाली तर तिचे डोळे, म्हणजे कोंब, फुगतात, पाणी मागू लागतात. खालून पाणी देणारं कोणी नसतं, आणि ती जागच्या जागी वाळते. वडील गेल्यावर बांधणीचं सारं काम त्यांच्या हाताखाली बसत आलेल्या आईने, म्हणजे सगळ्यांच्या माईने, हाती घेतलं. विक्री, गाड्या, गिऱ्हाइकं हे सारं थोरल्याचं. त्यानेही उमेदीत चाकू हातात धरला होता. पण त्याची कलमं लागत नसत. हे घरात सर्वांना माहीत होतं आणि कोणी कधी बोललं नव्हतं. न बोलण्याच्या त्या सभ्यतेवरच त्याचं थोरलेपण उभं होतं.

तेव्हा माईने ऐन वसंतात प्रवासाला निघणं म्हणजे काय, याचा अर्थ त्याच्यापुरता स्पष्ट होता. तिच्या माघारी चाकू त्याच्या हातात येणार, आणि त्या चाकूने काय होतं ते उभ्या गावाला दिसणार.

"एप्रिलचा मध्य," धाकटा बोट फिरवत म्हणाला. "आधी रोम. मग आगगाडीने डोंगर ओलांडून व्हिएन्ना. जून लागला की संपलंच. संग्रहालयापुढे हीऽ रांग, डोक्यावर ऊन. माईचे गुडघे उभे राहतील का रांगेत? वसंतात बाकं रिकामी, गाड्या रिकाम्या. गर्दी व्हायच्या आत जायचं आणि यायचं."

"माझे बूट तयार आहेत," आत्या म्हणाली. ती वडिलांची धाकटी बहीण. वरच्या अंगाला, डोंगरातल्या गावी एकटी राही. प्रवासाचं नाव निघाल्यापासून ती नवे बूट पायांत सैल व्हावेत म्हणून घरभर घालून हिंडत होती, आणि आत्ताही टेबलाखाली ते करकरत होते. "बुटांचं झालं, आता माझंच तेवढं राहिलंय."

"बूट उन्हाळ्यातही चालतात, आत्या," थोरला म्हणाला.

"बूट चालतील रे. मी चालेन का ते बघ की."

"मी जाऊ नका म्हणत नाही. वेळ चुकीची आहे म्हणतोय. वसंतात या घरातून आजवर कोणी बाहेर पडलेलं नाही."

"मी पडलो की," धाकटा शांतपणे म्हणाला. "माझं लग्न वसंतातच झालं. तुम्ही कोणी आला नाहीत, एवढंच."

"माई आली होती."

"संध्याकाळी. नखांत मेण घेऊन. माझ्या सासूने विचारलं, विहीणबाई मेणबत्त्यांचा कारखाना चालवतात का?"

आत्या फिसकन हसली. माई हसली नाही. "ते मेण लवकर निघत नाही," एवढंच ती म्हणाली, आणि आपले हात तिने टेबलाखाली मांडीवर घेतले.

थोरल्याने हीच वेळ साधली. आठवडाभर मनात घोळवलेलं वाक्य त्याने नीट जुळवून मांडलं. "ऐका. दोन्ही होईल. जायचंच असेल तर एप्रिलमध्ये जा; पण कलमं बांधून जा. काचघर तापवलं की कुंड्यांतले खुंट लवकर जागे होतात. माईने निघायच्या आधी बांधणी उरकायची. कोणाचं काही अडत नाही."

बोलणं समंजस होतं, आणि त्यातच त्याची सारी चूक दडलेली होती. मागच्या रविवारी माई या तोडग्याला होकार देईल अशी त्याची खात्री होती. म्हणून त्याने आदल्याच दिवशी खुंटांच्या कुंड्या काचघरात नेल्या, ऊब सुरू केली, आणि माईने हो म्हणताच क्षणही वाया जाऊ नये म्हणून शीतखोलीतल्या जुड्याही उचलून तिथेच नेऊन ठेवल्या. पण त्या रविवारी रोम आधी की व्हिएन्ना आधी यावरच सगळे भांडत बसले आणि त्याचं वाक्य तोंडातच राहिलं. सोमवारी जुड्या परत नेता आल्या असत्या. परंतु परत नेणं म्हणजे आपण घाई केली हे स्वतःशी कबूल करणं. आणि पुढच्या रविवारी ती हो म्हणणारच आहे, मग कशाला उचलठेव, असं म्हणत त्याने आठवडा घालवला. आज सकाळी जुडी हातात घेतली तेव्हा काडीवरचे डोळे फुगून टोकाशी हिरवे झाले होते.

"आणि काडी?" माईने विचारलं.

"काडी शीतखोलीत आहे." तो म्हणाला. खोटं बोलताना माणूस आवाज खाली आणतो असा समज आहे. थोरल्याचा आवाज उलट चढला.

त्याची बायको फळांची बशी घेऊन येत होती. तिने बशी टेबलावर ठेवली, नकाशाची घडी सरळ केली आणि म्हणाली, "नाहीये."

"काय नाहीये?"

"काडी. जुड्यांवरचं पोतं ओलं करायला गेले होते सकाळी. फळ्या मोकळ्या आहेत."

तिच्या आवाजात आरोप नव्हता, आणि म्हणूनच तो त्याला अधिक लागला. सकाळपासून तिला ठाऊक होतं. तिने त्याला चहा दिला होता, सदरा काढून दिला होता, आणि एक शब्द बोलली नव्हती. ती त्याला संधी देत होती हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. आणि ती संधी त्याने कशी वापरली तेही सगळ्यांसमोर होतं.

माईने मान किंचित बाजूला केली, त्याच्या खांद्यावरून खिडकीबाहेर पाहिलं आणि पांढऱ्या काचा पाहिल्या. "सूनबाई," ती म्हणाली, "एक काडी आण गं."

ती गेली. टेबलाखाली आत्याचा बूट एकदा करकरला आणि थांबला. थोरल्याला वाटलं, उठावं, तिच्या आधी पोचावं, निदान आणणारे हात आपले असावेत. पण खुर्ची सोडली की खिडकी उघडी पडेल या सवयीने तो बसूनच राहिला. लपवायचं काही उरलेलं नसताना.

माईने काडी घेतली. काडी नजरेजवळ न नेता तिने तिच्यावरून अंगठा वरून खाली फिरवला, जसा ती दरवर्षी फिरवी. तो अंगठा थरथरत होता. थोरल्याने ते पाहिलं, आणि रागाने असेल असं मनाला सांगितलं.

"जागी झाली," माई म्हणाली. "सगळ्या?"

"सगळ्या."

"झाडावर एकही ठेवली नव्हती यंदा. मागणी जास्त होती म्हणून."

"म्हणजे काय?" धाकट्याने विचारलं. तो या घरात वाढला होता तरी रोपवाटिकेबद्दल असं विचारण्यात त्याला एक समाधान असे.

"म्हणजे यंदा कलमं नाहीत," थोरला म्हणाला.

"वा. म्हणजे माईने जाऊ नये म्हणून तू चक्क काडीच मारलीस."

"जाता यावं म्हणून!" थोरल्याने टेबलावर हात आपटला आणि बशीतली नासपती घरंगळत रोमवर जाऊन थांबली. "तिला जाता यावं म्हणून केलं मी! आपण इथे बसून गाडी सकाळची की दुपारची करत होतो, तोवर ती तिकडे फुगत होती. तुला काय, तू दात उपटतोस आणि पेशंट घरी जातो. मला बागायतदारांना तोंड दाखवायचंय."

"मग सोमवारी सांगायचंस. फोन आहे ना घरात?"

"सोमवारी सांगितलं असतं तर आज जे बोलतोयस तेच बोलला असतास!"

"बोललो असतो. पण काडी वाचली असती."

धाकट्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्या धाकट्या भावाइतका असह्य प्राणी दुसरा नसतो.

"दोघंही पुरे," आत्या म्हणाली. तिने बशीतून घरंगळलेली नासपती उचलली, पदराने पुसली आणि हातातच धरून ठेवली. "माझ्या अंगणातलं झाड आहे. आमच्याकडे थंडी उशिरा सरते. अजून निजलेलं आहे ते."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. ते झाड वडिलांनी, तिच्या भावाने, स्वतःच्या हाताने लावून दिलं होतं. आणि तो गेल्यापासून तिने त्याला कात्री लागू दिली नव्हती. फांद्या छपरावर टेकल्या, कौलं सरकली, तरी नाही.

"आत्या, तू नको..." थोरला पुटपुटला.

"नको काय? झाड माझं आहे. आणि कापायला तू यायचं नाहीस. सूनबाई येईल."

"का? मी का नाही?"

आत्याने माईकडे पाहिलं. त्या दोघी नणंद-भावजयींचं उभ्या आयुष्यात मोजक्याच गोष्टींवर एकमत झालं होतं, आणि ते प्रत्येक वेळी असंच, न बोलता होई. थोरल्याला ती नजर ओळखता आली. आपल्याला वगळून काहीतरी आधीच ठरलेलं आहे, ही जाणीव माणसाला पाठीतून येते. त्याने पाठ खुर्चीला टेकवली.

"ठीक आहे," तो म्हणाला. त्याला आता एक कडवट आधार सापडला होता. "आणा काडी. पण काचघराची ऊब आज बंद होणार. कुंड्यांतले खुंट पुन्हा आळसावतील, बाहेरचे नेहमीच्या वेळी जागे होतील. म्हणजे बांधणी येते एप्रिलच्या मध्याला. तेव्हा माई तुमच्या त्या रोममध्ये. मग बांधणार कोण? सांगा ना. मी?"

तो शब्द त्याने कधी इतक्या उघडपणे टेबलावर ठेवला नव्हता. धाकट्यानेही या वेळी त्याच्या तोंडाकडे न पाहता नकाशाकडे पाहिलं.

"जी गेली काही वर्षं बांधतेय, तीच बांधेल," माई म्हणाली.

"म्हणजे तूच ना?"

माईने मांडीवरचे हात वर काढले आणि टेबलावर, नकाशावर, पालथे ठेवले. ते थरथरत होते. कागद त्यांच्याखाली बारीक आवाज करत होता. राग केव्हाच ओसरला होता. थरथर तशीच होती.

"बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी सुरू झालं हे. दुसऱ्या वर्षी चाकू धरवेना. मी बसायची समोर, हात सूनबाईचे. शेडचं दार मी आतून लावून घेते ना बांधणीच्या वेळी? तुला वाटायचं, वारा लागू नये म्हणून."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. ती उभी होती, माईच्या हातून परत घेतलेल्या काडीवरची माती पदराच्या टोकाने पुसत होती. जणू ती काडी अजूनही कुठे तरी लागणार होती. दरवर्षी तो गिऱ्हाइकांना सांगे, आमच्या माईचा हात आहे, शंभरात एखादं मरेल. आणि ती मागे उभी राहून कुंड्या गाडीत चढवी.

"इतकी वर्षं," तो म्हणाला. "एका खोलीत राहतो आपण."

"माई म्हणाल्या, सांगू नकोस."

"आणि तू ऐकलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत," ती म्हणाली. मग तिचा आवाज प्रथमच थोडा धारदार झाला. "माझ्या बोटांना चिरे पडायचे. तुम्ही विचारलंत, काय झालं? मी म्हटलं, विळीने कापलं. दरवर्षी वसंतात विळीनेच कापतं का हो कोणाला?"

बाहेर कुठे तरी पाण्याची टाकी भरून वाहू लागली. एरवी थोरल्याने तो आवाज ऐकताच धाव घेतली असती.

"मला सांगायला काय हरकत होती, माई?" त्याचा आवाज आता खाली आला होता. "मी काय तिला अडवलं असतं?"

"अडवलं नसतंस. सोडून पाहिलं असतंस."

"काय?"

"पट्टी." माई त्याच्याकडे न रागावता पाहत होती, आणि ते त्याला सहन होत नव्हतं. "तुझा हात वाईट नाही. काप सरळ येतो तुझा, बाबांपेक्षा सरळ. पण बांधून झालं की दुसऱ्या दिवशी तू हळूच जाऊन पट्टी सोडतोस. लागलंय का बघायला. जुळत आलेलं तिथेच तुटतं. पुन्हा बांधतोस, आणि पुन्हा सोडतोस. मी शेडच्या फटीतून बघायची. बाबाही बघायचे. म्हणायचे, मोठा झाला की जाईल सवय."

खरं तर या क्षणी कोणी तरी हसलं असतं तर थोरल्याला बरं वाटलं असतं. कोणी हसलं नाही. आपलं हे एक कृत्य जगात कोणी पाहिलेलं नाही, या समजुतीवर त्याने अर्धं आयुष्य काढलं होतं.

"तिची कलमं तू सोडून पाहिली असतीस," माई पुढे म्हणाली, "आणि ती मेली असती. मग आपण सगळे म्हणालो असतो, सूनबाईचा हात नाही. म्हणून दार लावलं. पण आता मला दार लावून बसायचा कंटाळा आलाय. वसंत कसा असतो मला ठाऊक नाही रे. लग्न होऊन आले तेव्हापासून वसंतात मी मान खाली घालून बसलेली. बाहेर काय फुलतं ते लोक सांगतात. मला एकदा वर बघायचंय. गर्दी नसेल, बाक रिकामं असेल, तिथे बसून नुसतं वर. आणि माझ्या माघारी इथे दार उघडं ठेवून तिने बांधावं. लोकांनी बघावं कोण बांधतंय."

"मग जा," थोरला म्हणाला. "माझी हरकत नाही. मी काचघराकडे फिरकणार नाही. शब्द देतो."

"शब्द नको. तू चल."

"कुठे?"

"माझ्याबरोबर. धाकट्याने तीन जागा धरल्यात."

थोरल्याने भावाकडे पाहिलं. धाकटा एकाएकी नकाशाची घडी तपासू लागला होता. म्हणजे यालाही ठाऊक होतं. रोम आधी की व्हिएन्ना आधी हा सगळा वाद, गेल्या रविवारचा तो गोंधळ, माईने हा शब्द काढायला धीर गोळा करेपर्यंत चालू ठेवलेला होता. आणि त्या धीर गोळा होण्याच्या काळातच काडी जागी झाली होती. दोष कोणाचा, हा प्रश्न त्याने मनात उचलला, आणि तो इतक्या बाजूंनी जड लागला की परत ठेवून दिला.

"बांधणीच्या दिवसांत मी इथून जाऊ?" तो म्हणाला. "गाड्या कोण बघेल? गिऱ्हाईक आलं तर?"

"गिऱ्हाईक आलं तर मी बोलेन," त्याची बायको म्हणाली.

त्याने तिच्याकडे आशेने पाहिलं. तिने एक वाक्य म्हणावं, नुसतं, राहू द्या त्यांना माई, मला मदत होईल, एवढं. मग तो राहील, आणि खरोखर फिरकणार नाही. ती हे वाक्य म्हणू शकत होती. तिच्या चेहऱ्यावर ते येऊन गेलेलंही त्याला दिसलं. पण तिने काडी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "जा तुम्ही. मला एकदा बघू द्या, माझं किती लागतं ते."

आत्याने नासपती परत बशीत ठेवली.

थोरल्याने टेबलावरची काडी बाजूला सरकवली. मग त्याने घसा साफ केला, आणि त्याच्या आवाजात नेहमीचा, गाड्या भरताना हुकूम सोडण्याचा सूर यावा म्हणून केलेली धडपड सगळ्यांना ऐकू आली. "कडेची जागा घे मला. आतल्या अंगाला मी गुदमरतो. मधूनमधून उठून बघावं लागतं मला."

"काय बघायचंय विमानात?" धाकट्याने विचारलं.

"त्याला खिडकी दे," माई म्हणाली. "मध्ये मी बसेन, कडेला आत्या. उठायचं असलं तर दोघींना उठवावं लागेल."

"आणि मी एकदा बूट काढले की उठत नसते," आत्या म्हणाली.

धाकटा हसला. थोरल्यालाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात त्याची बायको मागच्या दाराने बाहेर पडली. खुर्चीत वळून पाहिलं की ती दिसली असती. काचघराकडे जाताना, ऊब बंद करताना, मेलेल्या जुड्या एकेक करून बाहेर टाकताना, आणि कुंड्या बघताना, कुठला खुंट किती जागा झालाय म्हणून. ती नीट बघेल की नाही, झरोके दोन्ही बाजूंचे उघडेल की एकाच, मोरीकडच्या रांगेला पाणी घालेल की नाही, असे सारे प्रश्न त्याच्या पाठीवर एकदम येऊन बसले. त्याने खुर्चीचे हात धरले. माई त्याच्याकडे पाहत होती.

मागे झरोका उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

थोरल्याने नकाशा आपल्याकडे ओढला आणि विचारलं, "व्हिएन्नाला उतरायचं कुठे?" पण वळून त्याने पाहिलं नाही.